मदत हवी आहे: क्षेत्रकार्यात भागीदार संस्थेला मूल्यमापनाचा अधिकार कसा द्यावा?

नमस्कार.

समुपदेशन आणि चिकित्सालयीन मानसशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या क्षेत्रकार्याची जबाबदारी माझ्याकडे आहे. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हे सर्वजण रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातच शिकत असत. आता त्यांतील निम्मे विद्यार्थी दोन सामाजिक संस्थांमध्ये जातात. हा बदल मीच आग्रहाने घडवून आणला, कारण रुग्णालयात येणारा माणूस बहुधा त्रास विकोपाला गेल्यावरच येतो आणि त्याचे घर, काम, कर्ज यांची नीट ओळख तेथे होत नाही.

गेल्या सत्रात घडलेला एक प्रसंग सांगतो. एका संस्थेतील ज्येष्ठ कार्यकर्तीने जवळजवळ वर्षभर विश्वास संपादन करून एका महिलेला आमच्या विद्यार्थिनीकडे आणले. तिसऱ्या भेटीनंतर कार्यकर्तीने "ती आता कशी आहे?" असे विचारले, तेव्हा विद्यार्थिनीने गोपनीयतेचे कारण देऊन काहीही सांगण्यास नकार दिला. नियमाप्रमाणे ती चुकली नव्हती, परंतु ज्या व्यक्तीच्या शब्दावर ती महिला आली होती तिलाच आपण दाराबाहेर उभे केले, असे मला आजही वाटते. पुढे सत्र संपले, विद्यार्थिनी गेली आणि त्या महिलेला सांभाळण्यासाठी तीच कार्यकर्ती उरली. दोष माझा होता. कोणती माहिती, कोणाला आणि कितपत सांगावी हे त्या महिलेलाच पहिल्या भेटीत विचारण्याची सोय आमच्या संमतीपत्रात नव्हती.

अमेरिकेतील डॉक्टर टर्व्हेलन आणि मरे-गार्सिया यांनी १९९८ मध्ये सांस्कृतिक नम्रतेची (समोरच्याची संस्कृती आपल्याला पूर्ण कळली असे न मानता शिकत राहण्याची) जी कल्पना मांडली, तिच्यात स्वतःला सतत तपासत राहण्याबरोबरच समाजाशी बरोबरीच्या नात्याची भागीदारी करणे हाही भाग आहे. आमच्या सामंजस्य करारात मात्र संस्थेने जागा आणि माणसे द्यायची, विद्यार्थ्याला गुण आम्ही द्यायचे, अशीच वाटणी आहे. आत्महत्येच्या धोक्याच्या वेळी कोणी कोणाला कळवायचे, हे मात्र लेखी ठरलेले आहे आणि ते नीट चालते.

पर्यवेक्षणही गुणांच्या वाटणीसारखेच एकतर्फी आहे. आठवड्यातून एक तास मी विद्यार्थ्यांशी बोलतो, पण ते जे सांगतात तेवढेच मला कळते. प्रेरणादायी मुलाखत पद्धतीवरील (उपदेश न करता व्यक्तीची स्वतःची बदलाची इच्छा जागवणाऱ्या संवादपद्धतीवरील) मिलर आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या अभ्यासात केवळ कार्यशाळा पुरेशी ठरली नव्हती. प्रत्यक्ष कामावर अभिप्राय आणि मार्गदर्शन मिळालेल्यांचे कौशल्य अधिक टिकले. हा अभिप्राय रोज समोर असणाऱ्या कार्यकर्त्यांनी द्यावा, असे माझे मत झाले आहे. झिम्बाब्वेतील 'फ्रेंडशिप बेंच' या उपक्रमात वस्तीतल्या आज्यांनी दिलेल्या समस्या-निवारण उपचाराचा उपयोग झाल्याचे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दिसून आले. मग समाजातील अनुभवी माणसांना आपण केवळ 'मदतनीस' का समजावे?

ज्यांनी अशी भागीदारी प्रत्यक्ष चालवली आहे त्यांच्याकडून मला मदत हवी आहे. कार्यकर्त्यांचा अभिप्राय आपण गुणांमध्ये धरता का, आणि धरत असाल तर उपचाराचे तंत्र त्यांना माहीत नसताना त्यांनी नेमके काय पाहावे, हे कसे ठरवले? ऐकून घेण्याची पद्धत, वेळ पाळणे, उपदेशाचा मोह आवरणे, एवढे मला सुचते. या कामासाठी त्यांना मानधन देता का? माझ्या दृष्टीने ते दिलेच पाहिजे, पण विद्यापीठाला ते पटवताना कोणता मुद्दा उपयोगी पडला, हे जाणून घ्यायचे आहे.

सत्र बदलताना जुना आणि नवा विद्यार्थी यांनी काही भेटी एकत्र घ्याव्यात, असाही विचार आहे. असे कोणी केले असल्यास किती भेटी पुरल्या आणि येणाऱ्या व्यक्तीला दोन अनोळखी माणसांसमोर बसणे जड गेले का, हे कृपया कळवावे. संमतीपत्रात माहिती-वाटपाविषयी वापरलेली सोपी वाक्ये येथे दिलीत तर आमचा नवा मसुदा प्रथम त्या कार्यकर्तीला दाखवून मगच पुढे नेईन.