मदत हवी आहे : काहीच न आठवणाऱ्या मुलांकडून आठवून लिहिण्याचा सराव कसा करून घ्यावा?

मी नववीला विज्ञान शिकवते. गेले सहा महिने तासाच्या सुरुवातीची सात मिनिटे पुस्तके बंद ठेवून, आदल्या आठवड्यात शिकवलेले जे आठवेल ते मी मुलांकडून कोऱ्या कागदावर लिहून घेते. त्याला गुण नसतात. लिहून झाले की मुले पुस्तक उघडतात आणि राहून गेलेले मुद्दे वेगळ्या शाईने भरतात.

रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा २००६ मधील प्रयोग वाचल्यामुळे मी या पद्धतीकडे वळले. त्यात चारही सत्रांत उतारा वाचत राहिलेल्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनंतर ८३ टक्के मजकूर आठवला, तर एका सत्रात वाचून पुढच्या तीन सत्रांत आठवून लिहिणाऱ्यांना ७१ टक्के. आठवड्यानंतर मात्र हेच आकडे अनुक्रमे ४० आणि ६१ झाले. वर्गातल्या निम्म्याहून अधिक मुलांच्या बाबतीत मला असाच फरक जाणवतो आहे.

अडचण उरलेल्या सात-आठ मुलांची आहे. परवा एका मुलीने ‘प्रकाशाचे अपवर्तन’ एवढेच लिहिले, त्याखाली दोनदा रेघ ओढली आणि सातही मिनिटे हाताने कागद झाकून ती बसून राहिली. ते पाहून मला फार वाईट वाटले. आठवण्याच्या प्रयत्नाने स्मरण पक्के होते हे मान्य. पण मुळात काही आठवायलाच हवे, आणि या मुलांचे नेमके तिथेच अडते, असे मला वाटते.

उपाय म्हणून मी अर्धवट आकृती देऊन पाहिली. आपाती (येणारा) किरण आणि स्तंभिका (काचेच्या पृष्ठभागाला लंब असलेली रेषा) काढून दिल्यावर त्याच मुलीने अपवर्तित किरण बरोबर वळवला, इतकेच नव्हे तर हवेतून काचेत शिरताना तो स्तंभिकेकडे का झुकतो हेही एका वाक्यात लिहिले. परंतु आकृती फळ्यावर येताच, एरवी स्वतः आठवणारी मुलेही आयत्या आधाराची वाट पाहू लागली.

आपल्यापैकी कोणी दोन्ही प्रकारच्या मुलांना एकाच तासात हा सराव दिला असल्यास कृपया अनुभव सांगावा. आधार किती द्यावा आणि तो कोणत्या टप्प्याने काढून घ्यावा? अशा मुलांसाठी आठवड्याऐवजी दुसऱ्याच दिवशी सराव घेऊन अंतर हळूहळू वाढवणे योग्य ठरेल का? आणि वेगळा कागद दिल्याने ती मुले वर्गात उघडी पडणार नाहीत, यासाठी आपण काय केलेत?