उधळ्या पुत्राच्या थोरल्या भावाचं पाप नेमकं कोणतं?

म्हापशाचा पोदेर

नमस्कार. म्हापशाजवळच्या एका वाड्यावर आमची पावांची भट्टी आहे. आजोबा पोदेर, वडील पोदेर, मीही पोदेर. आई सावंतवाडीकडची. सातवीपर्यंत मी आजोळी राहून मराठी शाळेत शिकलो. इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, मीस (उपासना) कोंकणीतून ऐकतो, पण घरी बायबल उघडतो ते मराठीच, आणि मनातलं लिहायला बसलो की मराठीच येतं. म्हणून इथे विचारतोय.

आम्ही दोघे भाऊ. धाकटा एकविसाव्या वर्षी बोटीवर गेला, तारवटी झाला. पहिली चार-पाच वर्षं पैसे पाठवले, मग फोनही बंद झाले. कमाई दारूत आणि जुगारात गेली, हे तो स्वतःच सांगतो. आई गेली तेव्हा तो आला नाही. शेवटच्या रात्री तिचा हात माझ्या हातात होता आणि डोळे दाराकडे.

मी घरी राहिलो. सव्वीस वर्षं रात्री दीडला उठतोय. पीठ मळायचं, गोळे पाडायचे, लाकडं पेटवून भट्टी तापवायची. साडेपाचला सायकली पावाच्या टोपल्या घेऊन बाहेर पडल्या पाहिजेत, मग बाहेर पाऊस असो की घरात मयत.

चार वर्षांपूर्वी धाकटा परत आला. हातात एक बॅग, चेन तुटलेली, सुतळीने बांधलेली. वडील तेव्हा एक्याऐंशीचे. गुडघ्यांमुळे वर्षभर बाल्कांवाच्या, म्हणजे पुढच्या ओसरीच्या, पायऱ्या उतरले नव्हते. त्या दिवशी उतरले. कठड्याला धरून, अनवाणी, एकेक पायरी. मी भट्टीच्या दारातून बघत होतो. पीठ लागलेले हात तसेच होते, पुढे होऊन आधार द्यायचं सुचलं नाही. संध्याकाळी वडिलांनी मला हाक मारली आणि म्हणाले, "उद्या पहिली भट्टी उंड्यांची काढ. त्याला उंडे आवडतात."

मी ती गोल पावांची भट्टी काढली. आणि ते लिहून ठेवलं.

माझी एक वही आहे. उधारीचीच, पण मागच्या पानापासून उलटी लिहीत आलोय. आईच्या हॉस्पिटलचं बिल, वडिलांची औषधं, छपराची कौलं, धाकट्याने पैसे न पाठवलेले महिने. माझ्या बायकोलाही ती माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी वडील गेले. मृत्युपत्र केलं नव्हतं. घर आणि भट्टी दोघांना सारखी आली.

२०२५च्या कोरेज्मात, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळात, चौथ्या आयतारी बायबलातली उधळ्या पुत्राची गोष्ट वाचली गेली. धाकटा आपला वाटा घेऊन जातो, सगळं उधळून परत येतो, बाप मेजवानी देतो, आणि घरी राबलेला थोरला रुसून म्हणतो, मला कधी काही दिलं नाहीत. पाद्रींनी बापाच्या प्रीतीवर फार मनापासून सांगितलं. पुढच्या बाकावर धाकटा रडत होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. मला त्या गोष्टीतला शेतावरून परतलेला थोरलाच दिसत होता, आणि तो जे बोलला त्यातला शब्द न शब्द मला पटत होता.

दर महिन्याला मी कुमसाराला, म्हणजे पाद्रींपुढे पापं कबूल करायला, जातो. "राग येतो" एवढंच सांगतो. पाद्री तीन नमान मारी (मारियामातेची प्रार्थना) म्हणायला सांगतात, मी म्हणतो. त्या रात्री दीडला उठलो की भट्टी तापेपर्यंत वहीची पानं डोळ्यांसमोर उलटायला लागतात. माझं पाप नेमकं कोणतं? मी चोरी केली नाही, आईबापांना सोडलं नाही. आणि देवाची प्रीती आम्हा दोघांवर सारखीच असेल, तर माझी सव्वीस वर्षं कुठे गेली?

---

वसईची लेक, आता मडगावात

दादा, तुमचा प्रश्न परवा वाचला आणि दोन दिवस मनात घेऊन फिरले. मी इथे आयतारी मुलांना दोतोर्न, म्हणजे धर्मशिक्षण, शिकवते. हा दाखला दरवर्षी शिकवते, आणि थोरल्या भावाशी आले की दरवर्षी घाईघाईने पुढे जाते. म्हणून आधी तुमचे आभार.

बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय पुन्हा उघडा आणि सुरुवात कुठे होते ते बघा. परुशी आणि शास्त्री, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारे लोक, कुरकुरतात की हा पापी लोकांबरोबर जेवतो. त्यांना उत्तर म्हणून येशू ही गोष्ट सांगतो. म्हणजे ती घर न सोडलेल्यांसाठीच सांगितलेली आहे. तुमच्यासाठी. माझ्यासाठी.

थोरला बापाला म्हणतो, इतकी वर्षं मी तुमची चाकरी करतोय. मूळ ग्रीकमधलं ते क्रियापद गुलामाच्या राबण्याचं आहे. घरातला मुलगा आणि स्वतःला गुलाम म्हणतोय! धाकटा तरी दूर देशी डुकरं राखताना मजूर व्हायचं ठरवतो, थोरला बापाच्या अंगणात राहून मजूर झालेला असतो. पुढे तो "हा तुमचा मुलगा" म्हणतो, "माझा भाऊ" म्हणत नाही. बाप उत्तर देताना शब्द बदलतो: "हा तुझा भाऊ."

आता ज्या ओळीशी मी नेहमी थांबते ती सांगते. बाप त्या दिवशी दोनदा घराबाहेर पडतो. धाकटा दूर असतानाच त्याला बघून धावत जातो, हे चित्र सगळ्यांना पाठ असतं. पण थोरला रुसून आत येईना तेव्हा आत मेजवानी चालू असताना, पाहुणे बसलेले असताना, तोच बाप पुन्हा उठून अंगणात येतो आणि त्याची मनधरणी करतो. तुमचे वडील पायऱ्या उतरले ते धाकट्यासाठी, हे तुम्ही पाहिलंत. तुमच्यासाठी ते कधी उतरले होते, हे आठवून बघाल का? मी टोमणा म्हणून विचारत नाही, दादा. तुम्हाला आठवेल असं मला खरंच वाटतं.

पापाचं विचारलंत. नव्या करारात पापाला जो नेहमीचा ग्रीक शब्द आहे, त्याचा जुना अर्थ नेम चुकणं. तुम्ही घरी राहिलात, राबलात, आईचा हात धरलात, हे सगळं प्रीतीच होतं. ते वहीत चढवायला लागलात तिथे नेम चुकला. करिंथकरांस पहिल्या पत्रात पौल म्हणतो की प्रीती अपकार स्मरत नाही. तिथला मूळ शब्द हिशेबनिसाचा आहे. प्रीती खात्यात मांडून ठेवत नाही, असा.

पुढच्या वेळी कुमसाराला "राग येतो" सांगू नका. राग हा धूर झाला. "माझ्याकडे एक वही आहे" असं सांगा.

---

डिचोलीकर

मी हिंदू. मिलाग्रीस सायबिणीच्या (मारियामातेच्या) फेस्ताला म्हापशाला तेल घेऊन जातो, तेवढाच माझा तुमच्या धर्माशी संबंध. त्यामुळे शास्त्रावर बोलत नाही. पण बत्तीस वर्षं एका वकिलाकडे कारकुनी केली, वाटपाचे कागद पुष्कळ पाहिले, म्हणून दोन गोष्टी सांगतो.

आपल्या गोव्यात पोर्तुगिजांच्या काळापासून नियम चालत आलाय. बापाला स्वतःच्या वाट्यातल्या अर्ध्याच मालमत्तेचं मृत्युपत्र करता येतं. उरलेली अर्धी मुलांची, तिला लेजितिमा म्हणतात. २०१२च्या कायद्यातही ती राहिली. कायद्यात दिलेली काही गंभीर कारणं सोडली तर मुलगा चांगला की वाईट, जवळ राहिला की परदेशी, हे कुणी विचारत नाही. तो जन्माला आला, एवढंच पुरतं. आमच्या ऑफिसात मोठे मुलगे येऊन टेबलावर हात आपटायचे, "सगळं मी केलं!" साहेब शांतपणे सांगायचे, हा वाटा कामाचा नाही, मुलगेपणाचा आहे. तो तुलाही कामामुळे मिळालेला नाही.

वर ताईंनी लिहिलेलं वाचून प्रथमच वाटलं की देवाबद्दल तुम्ही जे म्हणता ते असंच काहीतरी असावं.

दुसरं. तुम्ही खरोखर खर्च केला असेल, कौलं घातली असतील, तर भावापुढे बिलं ठेवून निम्मे पैसे मागा. त्यात पाप कसलं? बिलांची वही दिवसा उघडा. बाबांनी उंडे भाजायला लावले ते मात्र त्या वहीतून खोडा, बाब. त्याचं बिल होत नाही.

---

अहिल्यानगरचा, सध्या वास्को

आम्ही प्रोटेस्टंट, आमच्यात कुमसार नाही, त्यामुळे तेवढं बाजूला ठेवतो. पण पोदेरबाबांना सगळे मिळून वाकायला सांगत आहेत, ते मला खटकलं. या माणसाच्या आईने दाराकडे बघत प्राण सोडला. ते दुःख खरं आहे. त्याला नुसती वही म्हणून चालणार नाही.

तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, हे इफिसकरांस पत्राच्या दुसऱ्या अध्यायात स्पष्ट आहे आणि माझा सारा विश्वास त्यावर उभा आहे. आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. आधी सुधारा मग प्रीती, असा क्रम तिथे नाही. पण कृपा मिळाल्यावर माणूस काय करतो तेही बघा. जक्कय जकातदार झाडावरून उतरतो, येशूला घरी नेतो, आणि उभा राहून सांगतो की ज्याचं अन्यायाने घेतलं त्याचं चौपट परत देईन. येशूने ते मागितलेलं नव्हतं. तेव्हा येशू म्हणतो, आज या घराला तारण प्राप्त झालं. आज म्हणतो. मेल्यावर म्हणत नाही.

म्हणून माझं म्हणणं, धाकट्यालाही बोलू द्या. तुम्ही त्याच्याशी चार वर्षांत आईबद्दल एकदा तरी बोललात का? तुम्ही गप्प, तो गप्प, आणि त्याला इगर्जीत रडताना तुम्ही मागच्या बाकावरून बघता. त्याला जक्कय व्हायची संधी कोण देणार?

---

म्हापशाचा पोदेर

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले, माफ करा. तिघांचेही आभार. ताई, तुमचं मी बायकोला वाचून दाखवलं. त्याआधी वही दाखवावी लागली. ती काही बोलली नाही, पानं उलटत राहिली, आणि एका पानावर बोट ठेवून म्हणाली, "ह्या दिवशी तुम्हाला ताप होता ना?"

ताई, तुम्ही आठवायला सांगितलं होतं. ते पान त्याच तापाच्या दिवसांचं निघालं. मला डेंग्यू झाला होता. वडील पंच्याहत्तरीचे होते, भट्टी सोडून त्यांना सहा वर्षं झाली होती. अकरा रात्री ते दीडला उठले. मूठभर कोंडा भट्टीत टाकून ताव बघायचे आणि मग माझ्या खाटेशी येऊन, मी झोपलोय असं समजून, कपाळाला हात लावायचे. हाताला कोंड्याचा वास असायचा. वहीत त्या अकरा दिवसांसमोर मी काय लिहिलं होतं ते सांगतो: "औषध, रक्त तपासणी, मजूर जादा एक." वडिलांचं नावच नाही.

कुमसाराला गेलो. वहीचं सांगितलं. पाद्री बराच वेळ गप्प होते. नमान मारी सांगितल्याच नाहीत. म्हणाले, भावाबरोबर एकदा जेव.

डिचोलीकर बाब, कौलांचं आणि हॉस्पिटलचं बिल वेगळं काढलं, भावासमोर ठेवलं. एवढे पैसे त्याच्याकडे नाहीत. तो म्हणाला, पहाटे भट्टीवर येतो, त्यातून फेडीन. मग मीच आईचा विषय काढला. तिच्या मयताच्या दिवशी तो बोटीवर नव्हताच, मुंबईत होता, एका खोलीत, तिकिटाचे पैसे दोनदा उडवून. हे त्याने चार वर्षं कुणाला सांगितलेलं नव्हतं. मला राग आला. खूप आला. मी उठून बाहेर गेलो आणि अंगणात उभा राहिलो. आतून ताटं वाजत होती, बायको त्याला वाढत होती, आणि मी कुठे उभा आहे ते मला कळलं. आत यायला थोडा वेळ लागला. पण आलो.

वही अजून आहे. जाळली वगैरे नाही. खरं सांगायचं तर परवा रात्रीसुद्धा ती मनात उघडली होती.

गेल्या सोमवारपासून धाकटा दीडला येतो. मळायला त्याला जमत नाही, पाठ धरते. वडिलांची कात्री खुंटीला होती ती त्याच्या हातात दिली. कातरे पाव कापायला लहानपणी तोच बसायचा. त्याचा हात थरथरतो, काप एका बाजूला जातो. पहिल्या दिवशी मी ते पाव वेगळे ठेवायला लागलो होतो. मग टोपलीत घातले. सायकलवाल्या पोराने विचारलं, हे असे का? मी म्हटलं, माझ्या भावाने कापलेत.