साथीच्या काळात वस्तीतला मदतगट: १४ जण, १६० घरं, कसं जमवायचं?

तिठा

कोविड-१९ सारख्या, श्वासातून पसरणाऱ्या साथीत घरी अडकलेल्यांना सामान आणि औषधं पोचवणं, एकट्या राहणाऱ्यांची फोनवर चौकशी करणं आणि स्थानिक प्रशासनाकडे पाठपुरावा करणं, एवढ्यासाठी गट उभा करायचा आहे. १४ जण आहेत, सगळे १९ ते २६ वयाचे. कुणी शिकतंय, कुणी घरून काम करतंय. वस्ती साधारण १६० घरांची. उत्साह भरपूर आहे, पण पहिल्याच आठवड्यात घोळ होऊन महिन्याभरात गट बसला असं व्हायला नको. फोन कुणाचा द्यायचा, नोंदी कशा ठेवायच्या, आपणच संसर्ग दारोदार नेऊ नये म्हणून काय करायचं, आणि पिशव्या पोचवण्यापलीकडे यंत्रणेकडून काम कसं करून घ्यायचं? जाणकारांनी बारकाव्यांसकट लिहावं.

दिवेलागण

सुरुवात फोनपासून करा, कारण बहुतेक गट तिथेच ढेपाळतात. कुणाचाही खाजगी नंबर पत्रकावर छापू नका. त्या मुलाला रात्री दोन वाजता फोन येतात, आठवड्यात तो थकतो, आणि तोच आजारी पडला की अख्ख्या वस्तीचा नंबर बंद. एक वेगळं सिम घ्या, ते एका साध्या हँडसेटमध्ये कायमचं घाला आणि पाळीप्रमाणे कॉल फॉरवर्ड करा. हँडसेट हातोहात फिरवायचा नाही, नाहीतर पाळी बदलायच्या निमित्ताने रोज भेटी होतात. वेळ पत्रकावरच ठळक लिहा: सकाळी ९ ते १, दुपारी ४ ते ८. त्याखाली: 'श्वास लागत असेल, छातीत दुखत असेल तर आम्हाला नाही, थेट रुग्णवाहिकेला फोन करा.'

आता हिशेब. दिवसाला फोनच्या दोन पाळ्या म्हणजे आठवड्याला १४. पोचवायला रोज दोघं, म्हणजे तेही १४. प्रत्येकाच्या वाट्याला आठवड्यात फोनची एक पाळी आणि पोचवण्याचा एक दिवस. एवढंच ठरवा आणि त्यावर कुणी हौसेने जास्त घेऊ लागलं तरी देऊ नका. सुरुवातीला रोज राबणारेच तिसऱ्या आठवड्यात फोन उचलेनासे होतात. जोड्या पक्क्या ठेवा, आणि एका जोडीने दुसऱ्या जोडीला प्रत्यक्ष भेटायचं नाही. लक्षणं दिसण्याच्या एक-दोन दिवस आधीपासूनच माणूस संसर्ग पसरवू शकतो, म्हणून 'मला काही होत नाहीये' याला अर्थ नसतो. पक्क्या जोड्या असल्या तर एक जण बाधित निघाल्यावर दोघं बाजूला होतात, १२ उरतात. सगळे एका खोलीत बसून बैठका घेत असतील तर १४ च्या १४ घरी.

नोंदवहीला सहा रकाने पुरे: फोन आला ती वेळ, घर क्रमांक (नाव आणि फोनसह), काय हवंय, कुणी घेतलं, कधीपर्यंत, मिळालं का. शेवटचा रकाना पोचवणाऱ्याने भरायचा नाही. फोनवाल्याने त्या घरी फोन करून विचारायचं आणि मगच भरायचा. 'पिशवी दाराशी ठेवली' आणि 'पिशवी मिळाली' यांत फरक आहे. पलंगावरून उठता न येणाऱ्या माणसाच्या दाराशी ती संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहते. आजाराचं नाव वहीत लिहू नका, त्याची गरज नसते. काम झाल्यावर सात दिवसांनी नाव आणि फोन पुसा, नुसता आकडा ठेवा.

पैसे हातात घेऊ नका. घरच्यांनी दुकानदाराला परस्पर द्यावेत, तुम्ही पावतीचा फोटो पाठवायचा. कुणाचं कार्ड, पिन, ओटीपी घ्यायचं नाही, समोरचा कितीही विश्वासाने देत असला तरी.

औषधपेटी

दिवेलागण यांच्या फोनच्या मुद्द्याला पूर्ण सहमती. औषधांबद्दल थोडं जास्त लिहितो, कारण इथली चूक जिवावर बेतू शकते.

फोनवर ऐकून औषधाचं नाव लिहून घेऊ नका. डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो मागा, सोबत आधीच्या पाकिटाचाही. चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: नाव, मिलिग्रॅम, नावापुढची अक्षरं, गोळ्यांची संख्या. लोक अक्षरांकडे दुर्लक्ष करतात. नावापुढे 'एसआर' किंवा 'एक्सआर' असेल तर ती गोळी अंगात हळूहळू सुटणारी असते. साधी आणि ती एकमेकींच्या जागी चालत नाहीत. दुकानदार म्हणाला 'हे नाही, पण त्यातलंच दुसरं आहे', तर तिथूनच त्या घरी फोन लावा आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका. दाराशी पिशवी ठेवल्यावर फोन करून पाकिटावरची अक्षरं त्यांच्याकडून मोठ्याने वाचून घ्या.

इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये न्यायचं असतं. गरम होईल म्हणून लोक ते थेट बर्फाला टेकवून ठेवतात आणि ते गोठतं. गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी वापरायचं नाही. बर्फाची पिशवी आणि बाटली यांच्यात जाड कापडाची घडी ठेवा.

रानवारा

संसर्गाचं बघू. अशा साथीत मुख्य वाट हवेची, त्यामुळे पिशव्या पुसत बसण्यापेक्षा मास्क आणि मोकळी हवा यांवर कष्ट घ्या. सामान ठेवा, बेल वाजवा, दोन मीटर मागे या. घरात शिरायचं नाही. शिरावंच लागलं तर आधी फोन करून १५ मिनिटं समोरासमोरच्या खिडक्या उघडायला सांगा, काम आटोपून लगेच बाहेर.

मास्क एन-९५ किंवा एफएफपी-२. झडप असलेला नको. तो तुमचा बाहेर पडणारा श्वास गाळत नाही, आणि इथे समोरच्याला वाचवायचं आहे. खालचा पट्टा मानेवर, वरचा डोक्याच्या मागे उंचावर. नाकावरची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी मधून बाहेरच्या बाजूला दाबत न्या. एका हाताने चिमटीत धरली की मधे घडी पडते आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी हवा निसटते. मग जोरात श्वास सोडा. डोळ्यांवर वारा लागला किंवा चष्म्यावर वाफ आली तर वरून गळतंय, हनुवटीपाशी लागला तर खालून. दाढीवर हा मास्क बसत नाही. दाढी असलेल्याने ती काढावी किंवा फोनची पाळी घ्यावी.

एन-९५ धुवू नका. त्याच्या थरातला विद्युतभार बारीक कण पकडतो. साबणाने तो जातो आणि मास्क दिसायला तसाच राहतो. पाच मास्कना १ ते ५ क्रमांक द्या, रोज एक वापरा, कागदी पिशवीत वाळू द्या. प्लास्टिकच्या पिशवीत दमट राहतात. पट्टा सैल पडला की टाकून द्या.

जिना, लिफ्टची बटणं पुसायचीच असतील तर ५ टक्के ब्लीचचं २० मिलि ९८० मिलि थंड पाण्यात घाला, म्हणजे ०.१ टक्का होतं. रोज नवीन करा. त्यात संडास धुण्याचं आम्ल कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. अमोनियाशीही तसाच विषारी वायू होतो. आणि माणसांवर फवारणी अजिबात नको: उपयोग शून्य, डोळ्यांना-त्वचेला इजा मात्र होते.

वेशीवरून

यंत्रणेकडून काम करून घ्यायचं तर आधी तुमची वही वापरा. 'लोकांचे हाल होताहेत' अशा पत्राला उत्तर येत नाही. 'या वस्तीत लसकेंद्रापर्यंत चालत जाऊ न शकणारे १९ जण आहेत, त्यांतले ४ पूर्ण अंथरुणावर. घरी येऊन लस देण्याची तारीख कळवावी' या पत्राला उत्तर द्यावं लागतं. एका पत्रात एकच मागणी, ज्या विभागाचं काम त्याच विभागाला, नावं न देता फक्त आकडे, आणि पोच घ्यायचीच. दहा दिवसांनी त्याच पोच क्रमांकाचा हवाला देऊन दुसरं पत्र. ऑनलाइन सभा होत असतील तर प्रश्न आदल्या दिवशी लेखी पाठवा. सभेत माईक मिळेलच असं नाही, पण लेखी प्रश्न नोंदीत राहतो.

माहिती मागताना तक्त्याच्या स्वरूपात मागा, फोटो किंवा पोस्टर नको. तैवानमध्ये फेब्रुवारी २०२० मध्ये सरकारने औषधदुकाननिहाय मास्कचा साठा खुला केला आणि तंत्रज्ञान जाणणाऱ्या नागरिकांनी त्यावरून नकाशे बनवले. कुठल्या दुकानात किती मास्क उरलेत ते लोकांना घरबसल्या दिसू लागलं. चित्राच्या फाइलवरून हे झालं नसतं.

मतदानही डोळ्यांआड करू नका. दक्षिण कोरियाने १५ एप्रिल २०२० ला ऐन साथीत निवडणूक घेतली: दाराशी ताप मोजणं, हातमोजे, ताप असलेल्यांना वेगळा मतदान कक्ष. ६६.२ टक्के मतदान झालं. मतदान केंद्रावर काम करणारे वयस्कर असतील तर अशा वेळी ते माघार घेतात. तरुणांनी ती जागा भरणं हीही मोठी मदत आहे. त्याची नोंदणी आणि प्रशिक्षण आधीच होतं, त्यामुळे निवडणूक जाहीर होताच चौकशी करा.

तिठा

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका. १४ पैकी ५ जणांच्या घरी आजी-आजोबा आहेत, त्यांना बाहेर पाठवावं का? आणि गटात रोज पन्नास फॉरवर्ड येतात, 'इथे खाट मिळेल' वगैरे. त्यांचं काय करायचं?

दिवेलागण

त्या पाचांना बाहेर पाठवू नका. फोनच्या १४ पाळ्या त्यांनीच घ्याव्यात: चौघांना तीन-तीन, एकाला दोन. उरलेल्या नऊ जणांच्या चार जोड्या होतात, म्हणून रोज पोचवण्याचा हट्ट सोडा. आठवड्यात चार दिवस, प्रत्येक जोडीला एक. नववा जण फक्त तातडीच्या औषधासाठी राखीव. कोणते चार दिवस ते पत्रकावर छापा. लोक तीन दिवसांची यादी एकदम द्यायला लवकर शिकतात. फोनच्या पाळीला दुय्यम समजू नका. रडणाऱ्या माणसाशी बोलणं पिशवी उचलण्यापेक्षा जड आहे. तसा फोन आला तर पुढचा अर्धा तास त्या पाचांपैकी दुसऱ्या कुणीतरी पाळी घ्यावी.

वेशीवरून

फॉरवर्डबद्दल एकच नियम: ज्याने स्वतः फोन लावून खात्री केली त्यानेच टाकायचं, आणि 'खात्री: आज दुपारी ४.१०, सांगणारा: स्वागतकक्ष' असं लिहून. खाटेची माहिती दोन तासांत शिळी होते, तेव्हा दोन तासांनी पुन्हा फोन नाही तर ओळ पुसा. म्हणूनच ही माहिती चित्रात नको, सगळ्यांना दिसणाऱ्या एकाच तक्त्यात हवी. चित्र एकदा सुटलं की दुरुस्त करता येत नाही, आणि एखाद्या दमलेल्या कुटुंबाचे वीस फोन मेलेल्या नंबरांवर जातात. परिपत्रकाच्या फोटोत तारीख आणि जावक क्रमांक कापलेला असेल तर ते मूळ कार्यालयाच्या संकेतस्थळावर उघडून पाहिल्याशिवाय पुढे पाठवू नका.

औषधपेटी

एक राहिलं. ऑक्सिमीटर (बोटाला लावून रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र) आळीपाळीने द्यायचा विचार असेल तर सोबत कागद द्या: पाच मिनिटं शांत बसा, नखपॉलिश काढा, हात गार असेल तर चोळून ऊब आणा, बोट घातल्यावर निदान एक मिनिट थांबा, आकडा स्थिर झाला की लिहा. ९५ किंवा वर साधारण ठीक, ९३-९४ ला डॉक्टरांना फोन, ९२ किंवा खाली तर थेट रुग्णालय. आधीपासून फुप्फुसाचा आजार असलेल्यांचे आकडे वेगळे, ते त्यांच्या डॉक्टरांकडूनच घ्या. सावळ्या-काळ्या त्वचेवर यंत्र खऱ्यापेक्षा थोडं जास्त दाखवू शकतं, म्हणून एकाच आकड्यावर विसंबू नका. सकाळ-संध्याकाळचे आकडे उतरत चाललेत का ते पाहा. यंत्र परत आल्यावर ७० टक्के अल्कोहोलने आतली गादी पुसा, डब्यात दोन सुटे सेल टाका आणि मगच पुढच्या घरी द्या.