ग्लास फुटला, त्यावरनं आठवलं. वायनरी बघून आलेल्यांनी इकडं या

राजारामपुरीची काकू
आज सकाळी कामाच्या मावशींच्या हातनं तो ग्लास फुटला. बिचाऱ्या रडकुंडीला आल्या, पगारातनं कापा म्हणाल्या. म्हटलं, राहू दे, फुकटातला आहे. तसा अगदी फुकटातला नव्हे, तेच सांगायला बसलोय.

मार्च २०१९. मुलाकडं मेलबर्नला गेलेलो. एका रविवारी त्यानं वायनरी बघायला मॉर्निंग्टन पेनिन्सुलाला नेलं, तासाभराचा रस्ता. एकीकडं पोर्ट फिलिपचा उपसागर, दुसरीकडं वेस्टर्न पोर्ट, खाली बासची सामुद्रधुनी. तिन्ही अंगांनी पाणी. मार्चात आपल्याकडं अंगाची लाही होते, आणि तिथं रेड हिलवर मी शाल गुंडाळून दात वाजवत होतो. द्राक्षबागा सगळ्या पांढऱ्या जाळीखाली. लांबनं वाटावं, कुणाच्या तरी लग्नाचा मांडव पडलाय. माती मात्र लालभडक, बघून बरं वाटलं.

आत काउंटरवर एक पोरगी प्रत्येक ग्लासात दोन-दोन घोट ओतत होती. पहिली शार्डने, म्हणजे पांढरी वाइन. "लोण्यासारखी लागेल," म्हणाली. ह्यांनी वास घेऊन विचारलं, "गायीचं का म्हशीचं?" मुलानं भाषांतर करायला साफ नकार दिला. मग थुंकायचं भांडं पुढं आलं आणि ह्यांचं डोकं फिरलं. पैसे देऊन घेतलेलं थुंकायचं? उरलेली शार्डने ह्यांनी सरळ पुढच्या पिनो न्वारमध्ये, म्हणजे लाल वाइनमध्ये ओतली आणि संपवून टाकली. पोरगीचा हात बाटलीसकट हवेत.

वर प्रश्न, "रिकव्हरी किती?" जन्मभर कारखान्याला ऊस घातलेला माणूस, दुसरं काय विचारणार? मुलानं ब्रिक्स, म्हणजे रसातल्या गोडीचा आकडा, विचारला. तोडणीला तेवीसच्या आसपास, म्हणाली. तेवीस! हे स्टुलावरनं उतरलेच. इथं साडेबारा पडली तर चेअरमन हार घालून घेतात.

शेवटी एक बाटली घेतली म्हणून टेस्टिंगचे पैसे वळते केले आणि ग्लास भेट दिला. त्यात हे रोज सोलकढी प्यायचे. लिहा, तुमच्यापैकी कोण कोण गेलंय.

भवानी_मंडप
काकू "बसलोय", "वाजवत होतो" 😂 पत्ता सांगायची गरजच न्हाई.

राजारामपुरीची काकू
मग काय पुण्यागत "बसलेय" म्हणू?

तासगावचा
काकांना सांगा ब्रिक्स आणि रिकव्हरी वेगळी. रिकव्हरी म्हणजे शंभर किलो उसातनं हातात आलेली साखर. ब्रिक्स रसातलं. उसाच्या रसाचं ब्रिक्स काढलं तर तेही वीसच्या आसपास भरतंय, तवा लाजायचं कारण न्हाई. त्या तेवीसची साखर यीस्टनं खाल्ली की तेरा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल होतं, हिशोब एवढाच.

मी पण तिकडं जाऊन आलोय, मेव्हण्याकडं. जाळी पाखरांसाठी, ती आपल्यालाही लागते. बाकी सगळं उलटं. आपण एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरला फळछाटणी, वेलाला झोप म्हणून न्हाई. तिथं थंडीत पानं झडून वेल झोपतो आणि वर्षाला एकच छाटणी. आपण मणी फुगावा म्हणून जीएच्या, म्हणजे वाढीच्या औषधाच्या पाण्यात घड बुडवतो, ते मणी बारीक राहावा म्हणून धडपडतात. रंग न् वास सालीत असतो, मणी बारका तितकी रसाच्या मानानं साल जास्त. पिनोचा घड मुठीत मावतो. आमच्या बापूला दाखवला असता तर म्हणाला असता, औषध चुकलंय.

आणि सवयीनं मी पान उलटं करून डावणी रोग बघाय लागलो तर तिथला माणूस पळत आला. मला वाटलं ओरडतोय. त्यानं दुसरं पान दाखवलं, त्यावर भुरी होती, दुसरा बुरशीचा रोग. भाषा येत न्हाई तरी दोघं अर्धा तास बोललो.

रंकाळ्यावर
फोटो टाका की काकू

उचगावची सून
घाईत लिहितेय, कुकर लावलाय. आम्ही गेलो तेव्हा गाडी कोण चालवणार यावर भांडण. व्हिक्टोरियात गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोलची मर्यादा, नवशिक्या लायसनवाल्याला शून्य. माझं नवंकोरं लायसन, म्हणजे मीच बळीचा बकरा. चार वायनऱ्यांत फक्त वास घेत फिरले. चौथ्या ठिकाणी नवऱ्याला दोन ग्लासांतला फरक कळेना, मी नुसत्या वासावर सांगितलं. त्याला तर तोवर ग्लास दोन आहेत की चार हेच कळत नव्हतं.
सासूबाई माळकरी. त्या गाडीतच हरिपाठ म्हणत बसल्या. नंतर बघते तर बागेच्या कडेचे गुलाब मोजत होत्या. दर ओळीच्या तोंडाला एक गुलाब. "देवाला लावलेत होय गं?" भुरी गुलाबावर आधी दिसते म्हणून लावायची जुनी रीत, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. सासूबाईंना देवाचंच उत्तर पटलंय अजून.
शिट्ट्या झाल्या, जाते.

भवानी_मंडप
कुकरात काय?

उचगावची सून
डाळ. मटण रविवारी.

जहाजावरचा पाटील
मी बोटीवर. केप टाउनला थांबलेलो तेव्हा हर्मानसला गेलो. तिथल्या खोऱ्याचं नाव हेमेल-एन-आर्दे, म्हणजे स्वर्ग आणि पृथ्वी. समुद्रात थंड प्रवाह, त्यामुळं वारा असा की टोपी गेली ती गेलीच. तिथंही पिनो आणि शार्डनेच. एकाला विचारलं असं का, तर म्हणाला, ऊन जास्त झालं की साखर पळत चढते आणि आंबटपणा उतरतो. समुद्र लगाम धरतो. सप्टेंबर होता. दुपारी वाइन आणि संध्याकाळी कठड्यावरनं देवमासे. चार बघितले. लोक म्हणाले तीन होते, चौथा खडक होता. असू दे.

मिरजकर तिकटी
नाशिकला जाऊन आलोय, चालेल का? शनिवारची गर्दी, सेल्फी, डीजे. बाग बघायचीच राहिली.
एक प्रयोग मात्र केलाय. पिनोची बाटली भावानं आणलेली, ती तांबड्या रश्शाबरोबर लावली. पहिला घोट बरा, मग रश्शानं तिला पार गाडून टाकलं. पांढऱ्याबरोबर जमली, मिऱ्याबरोबर छान लागते. ज्याला पटत नसेल त्यानं यावं, रस्सा माझ्याकडं, बाटली तुमची.

तासगावचा
कवा यायचं ते सांगा.

शाहूपुरी_३री_गल्ली
काकू, विषयाला सोडून विचारतोय. मुलगा मेलबर्नात कुठं असतो? भाचीला जुलैत ॲडमिशन मिळालीय, खोली शोधतोय. शाकाहारी आहे. म्हणजे होती.

राजारामपुरीची काकू
पॉइंट कुकला. मेसेज करा, त्याला विचारतो.
रंकाळ्यावर, फोटो काय टाकू, एकाच फोटोत हे आहेत आणि त्यात पण डोळे मिटलेले.

उचगावची सून
काका काय म्हणाले ग्लास फुटल्यावर?

राजारामपुरीची काकू
काही नाही. दांडी आणि बूड शाबूत आहे. दुपारपासनं वर्तमानपत्र पसरून, चष्मा लावून, फेविक्विक घेऊन बसलेत. आता हाक मारताहेत, बोट चिकटलंय वाटतं.