१६ जीबीचा जुना फोन सारखा फुल होतोय, जागा अडकलीय तरी कुठे?

रानजाई:
आईचा फोन १६ जीबीचा, अँड्रॉइड ८. गॅलरीतले फोटो जवळजवळ सगळे उडवलेत, रोज कॅश (अॅप्सनी साठवलेली तात्पुरती माहिती) साफ करते, तरी दोन दिवसांत ‘स्टोरेज संपत आलंय’ हजर. ३०० एमबी मोकळी दिसते, पण ८० एमबीचं अपडेटही घेत नाही. व्हॉट्सअॅपमधलं बोलणं मात्र जाऊ द्यायचं नाहीये.

पाणकळा:
रोज कॅश साफ करण्यात अर्थ नाही. अॅप उघडलं की ती पुन्हा भरते आणि तेच सगळं परत उतरवायला नेटचा डेटा जातो. अगदी नड असेल तेव्हा एकदा करा. ‘क्लिअर कॅश’च्या शेजारी ‘क्लिअर डेटा’ असतं, व्हॉट्सअॅपच्या बाबतीत त्याला चुकूनही हात लावू नका.

८० एमबीचं कोडं असं: नवी फाईल उतरून बसेपर्यंत जुनी जागेवरच असते. शिवाय मूळ अँड्रॉइड एकूण जागेच्या ५ टक्के किंवा ५०० एमबी, यातलं जे कमी असेल तेवढी जागा राखून ठेवतं. त्याच्या खाली गेलात की इन्स्टॉल अडतं. म्हणून किमान दीड-दोन जीबी मोकळी राहील असंच बघा.

आता व्हॉट्सअॅप. सेटिंग्ज, मग ‘स्टोरेज अँड डेटा’, मग ‘मॅनेज स्टोरेज’. तिथे ‘५ एमबीपेक्षा मोठे’ आणि ‘अनेकदा फॉरवर्ड केलेले’ असे दोन गठ्ठे दिसतील. पहिला उघडून आकारानुसार लावा. सुप्रभाताचे व्हिडिओ आणि लग्नपत्रिकांच्या पीडीएफ वर येतील. नको ते निवडून काढा, लिहिलेलं बोलणं तसंच राहतं. त्यानंतर ‘मीडिया ऑटो-डाऊनलोड’मध्ये मोबाईल डेटा, वाय-फाय, रोमिंग या तिन्हींतल्या सगळ्या खुणा काढा. हे केलं नाहीत तर महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न. आवाजी मेसेज तरीही आपोआप उतरतातच, पण ते लहान असतात.

एक गैरसमज फार पसरलाय. ‘मीडिया व्हिजिबिलिटी’ बंद केल्याने एक एमबीही वाचत नाही. फोटो गॅलरीत दिसत नाहीत इतकंच, फोनमध्ये ते असतातच.

तांबडंफुटी:
वरच्यात दोन जागा राहिल्या. फाईल मॅनेजरमध्ये व्हॉट्सअॅपचं फोल्डर शोधा. जुन्या फोनवर ते थेट बाहेर असतं, नाहीतर ‘अँड्रॉइड’च्या आत ‘मीडिया’मध्ये. दोन्हीकडे बघा. त्याच्या ‘मीडिया’त ‘व्हॉट्सअॅप व्हिडिओ’ उघडलंत की आत ‘सेंट’ नावाचं फोल्डर दिसेल. आईंनी पाठवलेल्या व्हिडिओंच्या प्रती तिथे साठतात. कॅमेऱ्यातली मूळ फाईल वेगळी, ही वेगळी. गॅलरीत ते फोल्डर सहसा दिसतच नाही, त्यामुळे फोटो उडवूनही फरक पडत नाही. मूळ फाईल कुठेतरी शाबूत आहे ना, ते बघून रिकामं करा. त्या चॅटमधला तो व्हिडिओ मग उघडणार नाही, बाकी काही बिघडत नाही.

दुसरी जागा ‘डेटाबेसेस’. तिथे रोजच्या बॅकअपच्या फाईली असतात, साधारण गेल्या सात दिवसांच्या. बोलणं जुनं असेल तर एकेक फाईल शेकडो एमबीची होते. नावात तारीख असलेल्या काढल्या तरी चालतं. बिनतारखेची ‘एमएसजीस्टोअर’ सर्वांत ताजी असते, तिला हात लावू नका.

गूगल फोटोज वापरत असाल तर जपून. बॅकअप झालेला फोटो त्या अॅपमधून साधा डिलीट केला तर क्लाऊडवरूनही जातो. डिलीट केलेले फोटो ‘ट्रॅश’मध्ये राहतात, बॅकअप झालेले ६० दिवस, न झालेले ३०. फक्त फोनमधून काढायचे असतील तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा. आधी त्याच खात्याने दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर उघडून फोटो खरंच वर गेलेत ना, ते डोळ्यांनी बघा. १ जून २०२१ पासून वर गेलेलं सगळं गूगल खात्याच्या १५ जीबीच्या मोफत जागेतच मोजलं जातं. ती भरली की बॅकअप थांबतो.

रानजाई:
‘सेंट’मध्येच १.३ जीबी निघाली! मेमरी कार्ड टाकून व्हॉट्सअॅप त्यावर हलवता येईल का? आणि ‘सिस्टिम’ने खाल्लेली जागा कमी होईल?

पाणकळा:
व्हॉट्सअॅप कार्डावर हलत नाही. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘एसडी कार्ड’ निवडा आणि जुने व्हिडिओ तिकडे हलवा, एवढंच कार्डाचं काम ठेवा. अँड्रॉइड ६ पासून कार्ड ‘इंटर्नल’ म्हणून जोडायची सोय आली, बऱ्याच कंपन्यांनी ती दिलीच नाही. असली तरी माझं मत ‘नको’. जोडताना कार्ड पुसलं जातं, मग ते दुसऱ्या फोनमध्ये वाचता येत नाही, आणि कार्ड मेलं की त्यावरची अॅप्सही गेली. तरी करायचंच असेल तर निदान ‘ए१’ (अॅप्स चालवण्याइतक्या वेगाची खूण) छापलेलं कार्ड घ्या.

‘सिस्टिम’ फॅक्टरी रिसेटनेही कमी होत नाही. त्यात आकड्यांचाही घोळ असतो: कंपनी १००० च्या पटीत मोजते, काही फोन १०२४ च्या. त्यामुळे खोक्यावरचे १६ मुळात १४.९ होतात. तुमच्या हातात इतकंच: सेटिंग्जमधल्या ‘अॅप्स’मध्ये न वापरलेली, आधीपासून आलेली अॅप्स उघडून ‘अनइन्स्टॉल अपडेट्स’ आणि मग ‘डिसेबल’. क्रम असाच ठेवा. काही फोनवर डिसेबल करतानाच अपडेट काढायचं का ते विचारतो, तेव्हा हो म्हणा.