मॅटलॅबचे आकडे सॉलिडवर्क्समध्ये आपोआप कसे घालायचे? (हायड्रॉलिक सिलिंडर)

उद्यमबाग_डिझाईन:
नमस्कार मंडळी, उद्यमबागेत एका छोट्या वर्कशॉपमध्ये डिझाईनला आहे, आम्ही हायड्रॉलिक सिलिंडर करतो, दर ऑर्डरला बोअर (आतला व्यास) वेगळा, स्ट्रोक (रॉड किती सरकतो ते) वेगळा, प्रेशर वेगळं. मॅटलॅबची (गणितं करायचं सॉफ्टवेअर) स्क्रिप्ट तयार आहे, लोड आणि प्रेशर दिलं की बोअर, रॉड, ट्यूबची जाडी सगळं काढतीय, पण पुढं ते आकडे बघून बघून सॉलिडवर्क्समध्ये (थ्रीडी मॉडेल काढायचं सॉफ्टवेअर) मीच टाइप करालोय. परवा ६३ च्या जागी ३६ पडलं, मटेरियल कटिंगला जाता जाता वाचलं. म्हणून मॅटलॅबमधून कॉम कनेक्शन (विंडोजमध्ये एका प्रोग्रॅमनं दुसऱ्याला थेट कमांड द्यायची सोय) करून बघितलं, सॉलिडवर्क्स उघडतंय, पण ८० पाठवलं की मॉडेल स्क्रीनवरनं गायबच! काय चुकालंय?

खानापूरकर:
गायब कुठलं, ८० मीटरचं झालंय ते 😀 एपीआय (बाहेरच्या प्रोग्रॅमच्या कमांड सॉलिडवर्क्स जिथनं घेतंय ते) आकडा मीटरमध्येच घेतंय, फाइलचं युनिट मिमी असलं तरी. ०.०८ पाठवा. कोन असला तर रेडियन. आणि आकडा दिल्यावर रिबिल्डची (मॉडेल नव्या मापानं परत बांधायची) कमांडपण पाठवा, नाहीतर आकार जुनाच दिसतोय. मी एकदा बिल्डिंगएवढा बोल्ट काढून अर्धा दिवस बघत बसलेलो.

निपाणी_टूलरूम:
कॉमचा एवढा खटाटोप कशाला करताय की. सॉलिडवर्क्सच्या इक्वेशन मॅनेजरमध्ये (मापांची नावं आणि सूत्रं ठेवायची जागा) बाहेरची टेक्स्ट फाइल लिंक करायची सोय आहे, अवतरण चिन्हात व्हेरिएबलचं नाव, बरोबरचं चिन्ह, पुढं आकडा, एका ओळीत एक. मॅटलॅबनं तेवढी फाइल लिहायची, बाकी सॉलिडवर्क्स बघून घेतंय, आणि आकडा फाइलच्याच युनिटमध्ये धरतंय म्हणजे मीटरची भानगड नाही. कॉम कधी लागतं, तर रात्रभर पन्नास व्हेरिएशन काढून ड्रॉइंग सेव्ह करायची असतील तेव्हा.

पण खरी गोष्ट दुसरीच आहे. गणितातनं आलेला आकडा तसाच मॉडेलला देऊ नका. समजा बोअर ८०, प्रेशर २१० बार, म्हणजे फोर्स साधारण १०५ किलोन्यूटन. अलाऊएबल स्ट्रेस (मटेरियलवर चालणारा ताण) १२० मेगापास्कल धरून लामेच्या (जाड नळीच्या) सूत्रानं जाडी ७.७४ मिमी येतीय. आता ७.७४ ची ट्यूब कोण देणार तुम्हाला? ८०/९५ (आतला/बाहेरचा व्यास) घेतली तर जाडी ७.५, कमी पडतीय, म्हणून ८०/१००. हा निर्णय मॅटलॅबमध्येच व्हायला पाहिजे, मिळणाऱ्या साइजचा तक्ता स्क्रिप्टमध्ये घाला आणि पुढची साइज उचलायला लावा, रॉडचं आणि सीलचं पण तसंच. सॉलिडवर्क्सकडं पाच-सहाच फायनल आकडे जाऊ देत, बाकीची मापं मॉडेलच्या आत त्यांनाच बांधायची. आमच्यातल्या एका पोरानं चाळीस व्हेरिएबल जोडलेले, तो सोडून गेला आणि फाइलला कोण हात लावेना झालंय.

मच्छे_फायनल_इयर:
सर, मॅटलॅबचं लायसन नसेल तर ऑक्टेव्ह (मॅटलॅबसारखंच सॉफ्टवेअर) चालेल का?

निपाणी_टूलरूम:
चालतंय की, फुकट आहे आणि टेक्स्ट फाइल लिहायची कमांड तीच. सॉलिडवर्क्स पण नसेल तर फ्रीकॅड घे, त्यात स्प्रेडशीट आहे, सेलला नाव देऊन माप जोडता येतंय, पायथनपण चालतंय.

खानापूरकर:
एक राहिलं, स्केचमधली एकपण रेघ निळी (माप पक्कं न केलेली) ठेवू नका, सगळी काळी (पक्की बांधलेली) पाहिजे. बोअर ४० वरनं १२५ ला नेला की निळी रेघ कुठं पळंल सांगता येत नाही.

उद्यमबाग_डिझाईन:
टेक्स्ट फाइलनं झालं दादा! ४०, ६३, ८०, १०० चारी साइज काढल्या, मॉडेल कुठं तुटलं नाही. १२५ ला पोर्ट (तेलाचं भोक) एंड कॅपच्या (टोकाच्या झाकणाच्या) बाहेर आला, ते स्केच निळंच निघालं. ड्रॉइंगमध्ये मात्र डायमेन्शन एकावर एक बसलेत, ते अजून हातानंच सरकवालोय.