चोर्ला घाटासाठी टीटीला कुठले टायर?

बेळगावच्या टिळकवाडीतून विचारतोय. सेकंडहँड ऑडी टीटी क्वाट्रो (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी) घेतलीय, टायर साइज २४५/४० आर१८. महिन्यातून दोनदा जांबोटी-चोर्लामार्गे गोवा. मागचे टायर गुळगुळीत, पुढचे निम्मे शिल्लक. दोनच बदलू? मित्र म्हणतो ट्रॅकवाले सेमी-स्लिक घाल. सांगा की ओ.

— भावा, क्वाट्रो आहे, चारही एकदम बदल. नव्या-जुन्याचा घेर जुळत नाही, मग पुढची-मागची चाकं वेगवेगळ्या गतीनं फिरतात आणि त्यांना जोडणाऱ्या मधल्या क्लचला विनाकारण घासावं लागतं. सेमी-स्लिक विसर. जुलैत कणकुंबीचा पाऊस बघितलायस न्हवं? पाणी फेकायला त्यात खाचाच कमी, आणि थंड असताना पकडही नाही. मी मिशेलिनचे पायलट स्पोर्ट ४ घातलेत, ओल्यात ब्रेक दाबला की गाडी रस्त्याला धरून बसते. महाग आहेत, बायकोला खरा आकडा अजून सांगितला नाही.

— कडेवरचे चार आकडे वाचून घे. २३१९ म्हणजे २०१९ च्या २३ व्या आठवड्यात बनलेला. मला एकानं तीन वर्षं पडून राहिलेले ‘नवे’ म्हणून गळ्यात मारले.

— हवा थंड टायरमध्येच तपासा. टायरच्या कडेची उंची जेमतेम ९८ मिमी, खड्ड्यात रिमच वाकतंय.

— चारही घेतो. सेमी-स्लिकवाल्या मित्रालाच खर्चात भागीदार करतो!